बिनटिंबाचा कागद

३ फेब्रुवारी

प्रिय मामा,

बातमी आधी, बाकीचं मग. यंदाचा 'वाटसरू पुरस्कार' मला मिळाला आहे. होय, तुझ्या खारूताईलाच, जी लहानपणी तुझ्या टेबलाखाली प्रुफांच्या कागदांत झोपायची. आईने शेजारच्या तीन घरांत सांगून टाकलं. चौथ्या घराला कुलूप होतं, म्हणून ती जरा खट्टू आहे.

वीस मार्चला समारंभ आहे. मला दहा मिनिटं वाटसरूवर बोलायचं आहे आणि अडचण तिथेच आहे. त्याच्याबद्दल मला जिन्यातल्या पाटीवर आहे तेवढंच माहीत: आपल्या वर्तमानपत्राचा युद्धातला वार्ताहर, एक्केचाळीस वर्षांपूर्वी नदीपलीकडे शत्रूच्या गावात लपून राहिला, सतरा बातमीपत्रं पाठवली, पकडला गेला, तुरुंगात मेला. पाटीवर त्याचा फोटोही नाही, खुंटीला टांगलेल्या टोपीचं आणि पिशवीचं चित्र आहे. संपादकांनी बजावलं आहे की श्रोत्यांना माणूस दिसला पाहिजे. टोपी-पिशवीतून मी माणूस कसा दाखवू?

तू तेव्हा आपल्याकडेच मुद्रितशोधक होतास. त्याची सगळी बातमीपत्रं तुझ्या हाताखालून गेली असणार. तो दिसायला कसा होता, बोलायचा कसा, चिडायचा का, जे आठवेल ते लिही. फोन केला असता, पण तू तो कानाला लावत नाहीस. तुला कागद लागतो, आणि कागदावर लाल पेन्सिल लागते.

तुझी,
खारूताई

•

८ फेब्रुवारी

प्रिय खारूताई,

अभिनंदन. तुझं पत्र तपासून सोबत परत पाठवतो आहे. तीनच चुका आहेत, म्हणजे तू खरंच आनंदात असावीस. एरवी सात असतात.

वाटसरूचं विचारतेस, तर सांगतो. उंच होता. डावा खांदा जरासा उतरलेला, वर्षानुवर्षं पिशवी अडकवून उतरतो तसा. चहात तीन चमचे साखर घ्यायचा. सर्दी कायमची. कार्यालयात फारसा यायचा नाही, आला तरी जिन्यातूनच कुणाच्या तरी हाती कागद देऊन जायचा. चिडलेला मी पाहिला नाही. एवढ्यावर पाच मिनिटं होतील. उरलेली पाच पत्रकारितेच्या उज्ज्वल परंपरेला द्यावीत, लोक तेवढ्यात घड्याळ बघून घेतात.

फार खोलात जाऊ नकोस. पुरस्कार घ्यावा, नमस्कार करावा, खाली उतरावं. मामी विचारते आहे की ढाल मिळते की पेला. पेला असेल तर ती त्यात पेनं ठेवायला घेणार आहे.

मामा

•

१६ फेब्रुवारी

प्रिय मामा,

सर्दी संपादकांना फार आवडली. म्हणाले, 'बघ, आता कसा माणूस वाटतोय.'

पण मी तुझीच भाची, एका प्रतीवर विश्वास ठेवू नये हे तूच शिकवलंस. म्हणून छपाईयंत्रावरच्या निवृत्त काकांना विचारलं. ते म्हणाले, वाटसरू बुटका होता, टक्कल होतं आणि चहाला शिवायचा नाही. जाहिरात विभागातल्या आजींच्या मते तो देखणा होता आणि त्यांच्याकडे एकदा वळून हसला होता. मामा, तिघांना तीन वाटसरू आठवतात आणि तिघांनाही अगदी स्पष्ट आठवतात.

तेव्हा मी गोदामात गेले. युद्धाच्या वर्षाची प्रुफं तिथे अजून आहेत, तुमच्या वेळच्या पद्धतीने बांधलेली: वर प्रूफ, मागे टाचणीने लावलेली लेखकाची मूळ प्रत. धुळीने मला इतक्या शिंका आल्या की वाटसरूची सर्दी माझ्याकडे आली असं वाटलं. सतरा बातमीपत्रं सापडली. सतराही प्रती हाताने लिहिलेल्या आणि अक्षर तुझं.

आधी वाटलं, तारेने आलेला मजकूर तू उतरवून घेतला असशील. पण उतरवून घेतलेल्या मजकुरात कुणी एक वाक्य चार वेळा खोडून पाचव्यांदा लिहितं का? आणि प्रत्येक पानाच्या डाव्या कोपऱ्यात ते टिंब. तू लिहायला बसलास की डोळे मिटून एक टिंब टेकवतोस. मी सहा वर्षांची असताना विचारलं होतं, तेव्हा म्हणालास, 'देवाला सांगतो, लिहायला बसतोय, लक्ष असू दे.' प्रुफं तपासताना तू कधी टिंब देत नाहीस. स्वतःचं लिहितानाच देतोस.

अठरावा कागद त्याच्या मृत्यूच्या बातमीचा आहे. अक्षर तुझंच, पण टिंब नाही.

मामा, काय आहे हे?

खारूताई

•

२७ फेब्रुवारी

मामा,

अकरा दिवस झाले. रागावलास का? निदान माझं पत्र तपासून तरी परत पाठव.

खा.

•

१ मार्च

प्रिय खारूताई,

रागावलो नाही. एक्केचाळीस वर्षं मिटलेलं तोंड उघडायला दोन आठवडे लागले, ते फार समजू नकोस.

वाटसरू नव्हता. मेला, हरवला, पळून गेला यातलं काही नाही. तो कधी नव्हताच.

युद्ध सुरू होऊन महिना झाला होता. मी सत्तावीस वर्षांचा, खेड्यातल्या शाळेतून आलेला, शुद्ध लिहिता येतं एवढ्यावर चिकटलेला. एका सकाळी तेव्हाच्या संपादकांनी खोलीत बोलावलं. तिथे माहिती खात्याचे एक गृहस्थ बसले होते. जाड भिंगांमुळे आम्ही त्यांना पुढे चष्मेवाले म्हणू लागलो. त्यांना नदीपलीकडे एक वार्ताहर हवा होता. खरा पाठवायचा तर कुणी जायला तयार नव्हतं. म्हणून तो लिहायचा ठरला. संपादक माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, 'हा कुणाशी बोलत नाही.' माझी निवड अशी झाली.

हेतू दोन होते. आपल्या लोकांनी वाचावं की पलीकडे पावासाठी रांगा आहेत आणि तिकडचं सैन्य खचलं आहे. आणि पलीकडच्यांनी वाचावं की आपला माणूस त्यांच्या गावात बसला आहे. भाषा दोन्हीकडे एकच, भांडणही त्यामुळेच इतकं नीट जमलं. आपला अंक होडीवाल्यांच्या हातून दोन दिवसांत तिकडे पोचायचा. तिकडच्या पोलिसांनी सगळी कामं सोडून वाटसरूला शोधत फिरावं, अशी चष्मेवाल्यांची इच्छा.

रोज दुपारी एका किटलीभोवती आम्ही तिघे बसायचो. चष्मेवाले सांगत काय पसरवायचं, संपादक सांगत ते बातमीसारखं कसं दिसेल, आणि मी लिहायचो. सर्दी संपादकांची. त्यांचं म्हणणं, ज्याला सर्दी होते त्याच्यावर कुणी संशय घेत नाही. उतरलेला खांदा माझा, आरशात बघून दिला. राहायला जागा मीच शोधली: पुलाजवळ, घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावरची खोली. मी तिकडे कधी गेलो नव्हतो, पण पूल आणि घड्याळवाला कुठल्या गावात नसतो? खरं सांगू, मला मजा येत होती. टिंब टेकवताना वाटायचं, देशाचं काम आहे, देव थोडं इकडेतिकडे बघेल.

चौथ्या बातमीपत्रात मी पलीकडच्या सैनिकांचे बूट फाडले. दहा दिवसांनी चष्मेवाले धापा टाकत आले. आपल्या हेरखात्याचा गुप्त अहवाल होता की तिकडचे बूट खरंच फाटले आहेत. संपादकांनी विचारलं, हेरखात्याला कुठून कळलं? अहवालाच्या तळाशी पाहिलं तर लिहिलं होतं: 'वाटसरू, बातमीपत्र चौथे.' चष्मेवाले म्हणाले, 'तरी पण आता दोन ठिकाणांहून आलंय.' आणि पाचव्या बातमीपत्रात मला त्या बुटांबद्दल पुन्हा लिहायला लावलं, या वेळी 'अधिकृत सूत्रांचा दुजोरा' असं घालून.

सतराव्यानंतर पलीकडच्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर आलं: वाटसरू सापडला. खाली फोटो. पन्नाशीचा माणूस, दाढीचे खुंट, डावा खांदा उतरलेला, नजर खाली.

चष्मेवाले त्या फोटोकडे बघून खूश झाले, म्हणाले, पोलीस तर कामाला लागले. मी मात्र तो फोटो कापून खिशात घातला. मी लिहिलेल्या वर्णनावरून त्यांनी कुणाला तरी उचललं होतं. संपादकांपुढे वेगळाच पेच होता. पकडला नाही म्हणावं तर तो हजर करावा लागेल, नव्हताच म्हणावं तर सतरा अंक खोटे ठरतील. आठवडाभर आम्ही गप्प बसलो आणि मग त्याला तुरुंगात मारला. ते लिहायचं काम माझंच. पेन कोपऱ्यात नेलं आणि हात मागे घेतला. तिकडे एक जिवंत माणूस माझ्या वाटसरूच्या नावाने कोठडीत बसला होता, आणि मी त्याला मेलेला म्हणत होतो. मेलेल्याला कोण सोडवायला जातं?

त्या फोटोचं कात्रण सोबत आहे. युद्ध संपल्यावर मी दोनदा पलीकडे जायला निघालो आणि दोन्ही वेळा धक्क्यावरून परतलो. काय सापडेल याची भीती वाटली. तेव्हापासून रोज सकाळी त्याच्यासाठी देवाशी दोन शब्द बोलतो. मामीला वाटतं, ते माझ्या थोरल्या भावाच्या गुडघ्यासाठी असतात.

हे सांगितलंस तर पुरस्कार जाईल, कदाचित नोकरीही. सांगू नकोस असं मी म्हणणार नाही, तो हक्क मी घालवला आहे. फक्त सांगशील तेव्हा त्या माणसालाही विसरू नकोस.

मामा

•

४ मार्च

प्रिय मामा,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा बुटांपाशी हसले, दुसऱ्यांदा फोटोपाशी थांबले.

संपादकांकडे गेले. त्यांनी दार लावलं. त्यांना माहीत नव्हतं, हे त्यांच्या तोंडावरून कळलं, पण सावरले पटकन. म्हणाले, वाटसरू नसला म्हणून काय झालं, त्याच्या नावाने किती खरे वार्ताहर घडले. मग आवाज खाली आणून म्हणाले, 'ज्याच्या नावाचा पुरस्कार घ्यायला जातेस, तोच नव्हता म्हणालीस तर तू काय घेऊन घरी जाणार?' प्रश्न बरोबर होता.

मी न बोलता पुरस्कार घेतला, तर चौथा वाटसरू माझा असेल, सर्दीसकट. हे मला जमणार नाही असं वाटतं. पण त्या माणसाचं काय झालं ते कळल्याशिवाय बोलणंही जमणार नाही. म्हणून पलीकडच्या त्याच वर्तमानपत्राच्या ग्रंथपालांना फोटोची प्रत पाठवून विचारलं आहे. सोळा दिवस आहेत. तू सकाळचे दोन शब्द चालू ठेव.

खारूताई

•

१४ मार्च

प्रिय मामा,

बसून वाच. जवळ पाणी ठेव.

ग्रंथपालांचं उत्तर आलं. त्यांना तो चेहरा ओळखीचा वाटला, पण युद्धाच्या अंकातला नव्हे. तोच माणूस त्याच वर्तमानपत्रात सात वर्षांनंतरच्या अंकात सापडला, आतल्या पानावर, गळ्यात हार घालून. मथळा: 'आमचे मुद्रितशोधक सेवानिवृत्त.'

मामा, तो त्यांचा मुद्रितशोधक होता.

ग्रंथपालांनी त्याच्या मुलीचा पत्ता दिला. मी रविवारी होडीने जाऊन आले. ती शाळेत शिकवायची, आता निवृत्त आहे. मी कात्रण पुढे केलं तर हसायलाच लागली. तिने सांगितलं ते असं. तिकडच्या पोलिसांनी वाटसरूला सहा आठवडे शोधलं. पुलाजवळच्या घड्याळवाल्याची खोली तीनदा उलटीपालटी केली. मिळणार काय? वरून तर रोज विचारणा. शेवटी एक अधिकारी वर्तमानपत्राच्या कार्यालयात आला आणि म्हणाला, वाटसरू पकडला असं छापा, फोटो तुमचा तुम्ही बघा. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. बातमीदाराला गाव ओळखतं, संपादकाला सगळेच. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, 'मुद्रितशोधकाचा चेहरा कोण ओळखतो?' तिच्या वडिलांना दोन दिवस दाढी करू दिली नाही. खांदा तुझ्यासारखाच, टेबलावर वाकून वाकून उतरलेला. नजर खाली आहे ती लाजेमुळे. फोटो काढून झाल्यावर त्यांनी चहा घेतला आणि स्वतःच्या अटकेचं प्रूफ स्वतः तपासलं.

पुढचं सांगताना ती हसायची थांबली. वडिलांना एक गोष्ट आयुष्यभर टोचत राहिली. त्यांना वाटायचं, खरा वाटसरू गावातच कुठेतरी लपलेला आहे. आपल्या फोटोमुळे जग समजून चाललं आहे की तो सापडला. आता त्याच्या लोकांकडून त्याला ना कुणी न्यायला येणार, ना काही पाठवणार. बिचारा उपाशी मरेल. म्हणून पोलिसांनी झडती थांबवल्यावर दर शुक्रवारी ते घड्याळवाल्याच्या जिन्यावर एक पाव ठेवून यायचे. पाव नाहीसा व्हायचा, म्हणजे वाटसरू जिवंत आहे अशी त्यांची खात्री. वर्षभर हे चाललं. घड्याळवाल्याला वाटत होतं, कुणीतरी गिऱ्हाईक दुरुस्तीवर फारच खूश आहे.

ते नऊ वर्षांपूर्वी गेले, झोपेत, स्वतःच्या घरी.

खारूताई

•

१७ मार्च

प्रिय खारूताई,

पत्र वाचून अंगणात जाऊन बसलो. मामी विचारत होती, हसताय की रडताय.

एक्केचाळीस वर्षं मी ज्याच्यासाठी देवाकडे गाऱ्हाणं घालत होतो, तो चहा पीत बसला होता. आणि मी उभ्या केलेल्या, नसलेल्या माणसासाठी तो पाव ठेवून येत होता. तोही त्या तुटवड्याच्या दिवसांत. पावाच्या रांगा मी मनाने लिहिल्या होत्या असं मला वाटायचं. तिकडे खरंच होत्या का, ते विचारलंस का गं? असतील तर त्याने आपल्या वाटचा दिला.

देवाने माझं ऐकलं नाही असं म्हणू की मी मागायच्या आधीच देऊन ठेवलं होतं म्हणू, हे मला ठरवता येत नाही. ठरवायची घाईही नाही.

आता तू सांग. माझं नाव घालूनच सांग. अक्षर माझं आहे हे कळायलाच हवं.

मामा

ता. क. मामीच्या हातचं: मी सगळं वाचलं. थोरल्या भाऊजींना फोन करून सांगितलं की ती प्रार्थना त्यांच्या गुडघ्यासाठी नव्हतीच. ते म्हणाले, 'तरीच बरा होईना.'

•

२१ मार्च

प्रिय मामा,

बोलले.

सभागृह भरलेलं होतं. पेला टेबलावर होता (हो, पेलाच आहे). मी कागद न बघता बोलले: किटली, बूट, फोटो, पाव. बुटांपाशी लोक हसले, पावापाशी कुणी खोकलंही नाही. शेवटी मी म्हणाले, 'हा पुरस्कार द्यायचाच असेल तर त्या दोन माणसांच्या नावाने द्यावा, ज्यांची नावं त्यांच्या वर्तमानपत्रांत कधी छापून आली नाहीत.'

टाळ्या पडल्या नाहीत. मग छपाईयंत्रावरचे काका, तेच टक्कलवाला वाटसरू पाहिलेले, मागच्या रांगेतून उभे राहिले आणि म्हणाले, 'मला वाटलंच होतं.' त्यावर टाळ्या पडल्या.

संपादकांनी माईक घेतला, विषय फार गंभीर आहे, संस्था विचार करेल असं म्हणाले आणि पेला उचलून स्वतःच्या खुर्चीखाली ठेवला. मी फुलं घेऊन घरी आले. नोकरीचं अजून कुणी काही बोललेलं नाही. जाहिरातवाल्या आजी मात्र रुसल्या आहेत. विचारतात, मग माझ्याकडे वळून हसला तो कोण?

आज सकाळच्या अंकात दुसऱ्या पानावर, खाली, चौकट आली आहे. कात्रण पाठवते: 'दुरुस्ती. एक्केचाळीस वर्षांपूर्वी आमचे वार्ताहर वाटसरू यांच्या निधनाचे वृत्त दिले होते. ते बरोबर नव्हते. वाटसरू यांचा तुरुंगात मृत्यू झालेला नाही. चुकीबद्दल दिलगीर आहोत.'

एक शब्द खोटा नाही. किटली अजून गरम आहे, मामा.

खारूताई

•

२५ मार्च

प्रिय खारूताई,

तुझं पत्र तपासलं. एकही चूक नाही. तब्येत बरी आहे ना?

दुरुस्तीच्या चौकटीत मात्र एक वाक्य गळलं आहे. लाल पेन्सिलीने समासात खूण करून 'कारण ते कधी नव्हतेच' एवढं घातलं आणि तुमच्या संपादकांना परत पाठवलं. खाली माझी पूर्ण सही केली. त्यांनी छापलं नाही तर पुढच्या आठवड्यात पुन्हा पाठवीन. मी निवृत्त आहे आणि पेन्सिली भरपूर आहेत.

या शुक्रवारी मामी आणि मी पलीकडे जातो आहोत. या वेळी धक्क्यावरून परतणार नाही, तिकिटं मामीने स्वतःकडे ठेवली आहेत. त्याच्या मुलीला पत्र टाकलं आहे. तिचं उत्तर आलं की घड्याळवाल्याचं दुकान आता त्याची नात चालवते आणि जिना तोच आहे. पाव इथूनच नेतो.

वरचा कोपरा पाहिलास? आज दोन टिंबं आहेत. एक नेहमीचं. दुसरं एक्केचाळीस वर्षांपूर्वीच्या त्या कागदावरचं, उशिरा देतो आहे.

मामा